आधी सरकारी वकिली की थेट खासगी?

सनद मिळाल्यावर सरकारी बाजूने काम करायची संधी आली तर सोडू नकोस. तिथे साक्षीपुरावा, उलटतपास रोज हाताखालून जातो. खासगीत सुरुवातीला बराच काळ तारखा घेण्यातच जातो. पण आरोपीला कसंही करून शिक्षा लावणं हे सरकारी वकिलाचं काम नव्हे. १९९० साली हवानात स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार छळ करून मिळवलेला पुरावा त्याने नाकारायचा असतो. (वरिष्ठांना हे नेहमी रुचतंच असं नाही.) पुढे खासगीत आलास की, पदावर असताना हाताळलेल्या प्रकरणात विरुद्ध बाजूचं वकीलपत्र घेऊ नकोस, फी कितीही मिळो. त्यासाठी कुठल्या प्रकरणात हजर होतास त्याची नोंद आधीपासून ठेव. आतली कागदपत्रं मात्र बाहेर नेऊ नकोस.