डबलक्लिक केलं की भलतंच उघडतं

प्रश्न : माझं कुडाळला डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, दशावतार कंपन्यांची पोस्टरं, लग्नपत्रिका, आंब्याच्या पेटीवरची लेबलं असलं काम. काँप्युटरवर कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रामची दोन व्हर्जन ठेवलीत. जुनं एक्स थ्री, कारण जुनं सगळं काम आणि फॉन्ट त्यातच बसलेत, आणि एक नवीन, कारण मुंबईहून येणाऱ्या फाइली जुन्यात उघडतच नाहीत. मदतीला येणाऱ्या पोराने एकदा कोरलची सीडीआर फाइल नोटपॅडमध्ये उघडली नि वर ऑलवेज दाबलं. ते निस्तरायला मी नवीन कोरल लावून ठेवलं, तर आता जुन्या फाइलीपण नव्यातच उघडतात आणि चुकून सेव्ह झाली की कणकवलीच्या प्रेसवाल्याचा फोन, फाइल उघडत नाही. मला सीडीआरला कुठलाच डीफॉल्ट, म्हणजे आपोआप उघडणारा प्रोग्राम, नको, दरवेळी विचारलं पाहिजे. सेटिंगमध्ये 'काही नको' कुठे दिसत नाही. आता काय करूचा ता सांगा.
— एक दुकानदार, कुडाळ

उत्तर : दिसणार कसं, तो पर्याय विंडोजने ठेवलेलाच नाही. पूर्वी विंडोज एक्सपीमध्ये फोल्डर ऑप्शन्समध्ये फाइल टाइप्स असा टॅब असायचा, तिथे यादीतून एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाच्या शेवटचं डॉट सीडीआर वगैरे, निवडायचं, डिलीट दाबायचं, विषय संपला. २००७ ला व्हिस्टा आलं आणि तो टॅब गेला तो गेलाच. आता सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट अ‍ॅप्समध्ये फक्त एकाच्या जागी दुसरा बसवता येतो, जागा रिकामी ठेवता येत नाही. तिथलं रीसेटचं बटण मात्र दाबू नका हां, ते एकट्या सीडीआरपुरतं नाहीये, सगळ्याच फाइलींचे डीफॉल्ट मायक्रोसॉफ्टच्या मर्जीवर नेऊन ठेवतं आणि मग पीडीएफ एज ब्राउझरमध्ये उघडायला लागल्या की गिऱ्हाइकासमोर तुमची धांदल.

आतमध्ये काय चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ही नोंद दोन जागी असते. तुम्हाला सातबारा आणि वहिवाट हा प्रकार समजावायला नको, तसंच आहे. प्रोग्राम इन्स्टॉल होताना तो सगळ्या मशीनसाठी स्वतःचं नाव लावून घेतो, तो सातबारा. तुम्ही किंवा त्या पोराने ऑलवेज दाबलं की तुमच्या लॉगिनपुरती वेगळी नोंद होते, ती वहिवाट. आणि विंडोज आधी वहिवाट बघतं. ती खोडली तर सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो येऊन बसतो, बहुतेक वेळा शेवटी इन्स्टॉल झालेला. म्हणून लोक म्हणतात काढलं तरी परत तेच येतं.

तरी वहिवाट खोडायचीच असेल तर अशी. विंडोजचं बटण आणि आर, तिथे रेजएडिट (regedit) टाइप करून एंटर, म्हणजे विंडोजच्या नोंदींची वही उघडेल. डावीकडे एचकी करंट युजर, त्यात सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर आणि मग फाइलएक्स्ट्स. त्यात डॉट सीडीआर नावाचं फोल्डर सापडेल. पहिलं काम, त्यावर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करून ठेवा, फसलं तर त्या फाइलवर डबलक्लिक करून नोंदी परत आणता येतात. मग आतलं युजरचॉइस हे फोल्डर डिलीट. नाही म्हणालं तर त्याच्या परमिशन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन तुमच्या नावापुढची डिनायची ओळ काढा आणि परत डिलीट करा. नंतर साइन आउट करून परत या. युजरचॉइसच्या आत हॅश म्हणून एक लांबलचक अगम्य ओळ दिसेल, ती विंडोज ८ पासून आली, २०१२ साली, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामने गुपचूप येऊन डीफॉल्ट पळवू नये म्हणून. त्यामुळे तिथे हाताने दुसऱ्या प्रोग्रामचं नाव लिहून उपयोग नाही, विंडोज ते मानत नाही. डिलीट चालतं, खाडाखोड चालत नाही.

सातबाऱ्यावरचं नावही काढता येतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून असॉक (assoc) नावाची कमांड आहे, तिच्यापुढे डॉट सीडीआर, मग बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे फक्त स्पेस देऊन एंटर. पण दुकानाच्या मशीनवर, तेही लग्नसराईत, मी हे करणार नाही आणि तुम्हालाही करा म्हणणार नाही. ते मशीनवरच्या सगळ्या लॉगिनना लागू होतं, आणि कोरल रिपेअर किंवा अपडेट झालं की नाव परत लागतंच, म्हणजे केलेली मेहनत पाण्यात.

शिवाय तुमच्या बाबतीत अजून एक गोची आहे. कोरल जुनं असो वा नवं, चालणाऱ्या मूळ फाइलचं नाव एकच, कोरलडीआरडब्ल्यू. विंडोज ओपन विथच्या यादीत प्रोग्राम ओळखतं ते त्या नावावरून. एका वाडीत एकाच नावाचे दोन बाबल्या असले की पोस्टमन जसा पहिल्याच घरात पत्र टाकून मोकळा होतो तसं होतं, तुम्ही ब्राउझ करून जुनं दाखवलंत तरी उघडतं नवंच. म्हणजे दरवेळी विचारलं तरी उत्तर चुकीच्याच घरी जाण्याची शक्यता.

तेव्हा डबलक्लिकचा नाद सोडा. राइट क्लिकमधल्या सेंड टूमध्ये दोघांना वेगवेगळ्या नावाने बसवायचं. विंडोजचं बटण आणि आर दाबून शेल, कोलन, सेंडटू असं सलग स्पेस न देता इंग्रजीत टाइप करा, एक फोल्डर उघडेल. त्यात दोन्ही कोरलचे शॉर्टकट टाका आणि नावं द्या तुमच्या भाषेत, 'जुनं कोरल' आणि 'नवं कोरल', देवनागरीत चालतात. आता कुठल्याही फाइलवर राइट क्लिक, सेंड टू, जुनं कोरल. शॉर्टकटला अख्खा पत्ता माहीत असतो त्यामुळे नावाचा घोळ होत नाही. विंडोज ११ असेल तर आधी शो मोअर ऑप्शन्स म्हणावं लागतं, किंवा शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, थेट जुना मेनू येतो. आणि त्या पोराला एवढंही नको असेल तर डेस्कटॉपवर दोन्ही आयकॉन शेजारी ठेवा नि फाइल उचलून हव्या त्या आयकॉनवर नेऊन सोडायची, बस. मी स्वतः हेच करतो.

डीफॉल्ट म्हणून मग जुनंच लागलं तर बरं. नवी फाइल जुन्यात उघडायला गेलात तर ते सरळ नाही म्हणतं, काही बिघडत नाही. जुनी नव्यात उघडून कंट्रोल एस झालं की खरी पंचाईत. नव्यातून कणकवलीला पाठवायची वेळ आलीच तर सेव्ह अ‍ॅजमध्ये खाली व्हर्जन निवडता येतं, तिथे प्रेसवाल्याकडे जे आहे ते निवडा.

प्रश्न : मुलाने गणपतीचं रेल्वेचं तिकीट पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. उघडलं की कुठलंतरी जाहिरातींचं अ‍ॅप येतं, आधी असं नव्हतं. मी रिटायर्ड शिक्षक, मला यातलं फार कळत नाही.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : गुरुजी, कधीतरी घाईत तुमच्याकडून ऑलवेज दाबलं गेलंय, दुसरं काही नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्समध्ये जाऊन ते जाहिरातवालं अ‍ॅप शोधा, त्यात ओपन बाय डीफॉल्ट किंवा सेट अ‍ॅज डीफॉल्ट असं काहीतरी असेल, कंपनीप्रमाणे शब्द बदलतो, आणि तिथे क्लिअर. अँड्रॉइडवर हे काम विंडोजपेक्षा सोपं आहे, पुढच्या वेळी फोन स्वतःच विचारेल, तेव्हा दुसरं अ‍ॅप निवडून जस्ट वन्स दाबा. आणि ते अ‍ॅप लागतच नसेल तर उडवूनच टाका.

प्रश्न : लॅपटॉपवरचे सगळे आयकॉन एकसारखे झालेत, काहीही उघडा, पीडीएफ रीडरच येतो आणि एरर देतो. व्हायरस आहे का? प्रोजेक्ट सबमिट करायचाय!!
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : व्हायरस वाटत नाही गं, लगेच फॉरमॅटला देऊ नकोस. डेस्कटॉपवरचे आयकॉन म्हणजे शॉर्टकट, आणि शॉर्टकटचंही एक्स्टेन्शन असतं, एलएनके, फक्त ते दिसत नाही. तू कुठल्यातरी शॉर्टकटला ओपन विथ करून पीडीएफ रीडर कायमचा लावलास. वर कुडाळकरांना सांगितलेल्या फाइलएक्स्ट्समध्ये जा, डॉट एलएनके शोध, एक्सपोर्ट करून ठेव, आतलं युजरचॉइस डिलीट कर आणि लॅपटॉप रीस्टार्ट कर. रेजएडिट आयकॉनवरून उघडायला जाऊ नकोस, तोपण पीडीएफमध्येच जाईल, विंडोज आणि आरनेच उघड. आणि प्रोजेक्टची फाइल कुठे गेलेली नाहीये, फाइल एक्सप्लोररमधून थेट त्या फोल्डरमध्ये जाऊन उघडलीस तर आत्तासुद्धा उघडेल, आधी ती सबमिट कर, बाकीचं रात्री.