सायटिकाच्या दुखण्यावर हिप्नोथेरपीचा उपयोग होतो का?

फोंडा-पणजी रोज स्कूटरवरून जाता, कमरेपासून पोटरीपर्यंत कळ मारते, गोळ्या खाऊन वैताग आलाय, म्हणून हिप्नोथेरपी (म्हणजे संमोहन करून सूचना देण्याचा उपचार) करू का असं विचारलंय तुम्ही. करून बघायला हरकत नाही, पण त्याने सरकलेली डिस्क जागेवर येणार नाही किंवा नसेवरचा दाब जाणार नाही, हे आधीच सांगतो. फरक पडतो तो मेंदूला दुखणं किती असह्य वाटतं त्यात. 1997 मध्ये ब्रेन स्कॅन करून हेच तपासलं होतं, चटका तेवढाच पण सूचना दिल्यावर त्याचा त्रास कमी-जास्त वाटायचा आणि मेंदूतल्या हा त्रास जाणवणाऱ्या भागाचं कामही बदलायचं. झोप लागणं, दुखेल या भीतीने अंग आखडून धरणं, इथे जास्त फायदा होतो. सगळ्यांना सारखा होत नाही हा.

आणि हे काय बाहेरून आलेलं फॅड नाही, आपल्या गोव्यातल्या कांदोळीचे पाद्री आबे फारिया 200 वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सांगत होते की संमोहनात लोक समजतात तशी कसली चुंबकशक्ती नाही, सगळं सूचनेचं काम आहे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी पुतळा आहे बघा.

थेरपिस्ट डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असावा, चार सेशनमध्ये गॅरंटी देणाऱ्याकडे जाऊच नका. फिजिओ चालू ठेवा, बरेच जण काही आठवड्यांत सुधारतात. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना झालं तर थेरपीबिरपी सोडा, सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कॅज्युअल्टी गाठा.