वाचकांचे प्रश्न : समुपदेशकांच्या खोलीत नेमके काय घडते?

माध्यमिक शाळेतील समुपदेशकांच्या कामाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटू शकेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. आठवीपर्यंत त्याचा अभ्यास चांगला होता, यंदा मात्र दोन विषयांत तो जेमतेम उत्तीर्ण झाला. वर्गशिक्षिकांनी त्याला समुपदेशकांकडे पाठवण्याचे सुचवले आहे. त्याच्या मनात काही बिघाड आहे, असे शाळेला वाटते का? शिवाय गरज शिकवणीची असताना नुसत्या बोलण्याने गुण कसे वाढतील? — एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातील भीती मी समजू शकते, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. शालेय समुपदेशक मानसिक आजाराचे निदान करत नाहीत आणि औषधेही देत नाहीत. तशी गरज दिसली तर पालकांशी बोलून ते मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. वर्गशिक्षिकांच्या सूचनेचा अर्थ एवढाच, की गुण का घसरले हे त्यांना वर्गातून दिसत नाही आणि ते कोणीतरी शांतपणे शोधावे, असे त्यांना वाटते.

हे शोधणे सोपे नसते, कारण प्रगतिपुस्तकावर सारखीच दिसणारी घसरण अगदी वेगवेगळ्या कारणांनी झालेली असू शकते. एखाद्या मुलाचे अपूर्णांक सहावीतच कच्चे राहिलेले असतात आणि बीजगणित सुरू झाल्यावर ते उघडे पडते. एखाद्याला वाचनाची अडचण लहानपणापासून असते, पण तीव्र स्मरणशक्तीच्या बळावर ती झाकली गेलेली असते आणि पाठ्यपुस्तके जाड झाल्यावर ते बळ पुरेनासे होते. कोणाला फळा नीट दिसत नसतो, कोणाला वर्गातील दोघे-तिघे रोज छळत असतात, तर कोणी घरातल्या भांडणांमुळे रात्र रात्र जागा असतो. म्हणून चांगले समुपदेशक आधी नोंदी पाहतात. घसरण एकाच विषयातली आहे की सगळीकडची, ती हळूहळू झाली की एका महिन्यात, गैरहजेरी कोणत्या वारी आणि कोणत्या तासांना पडते, हे ते तपासतात. केवळ खेळाच्या तासाच्या दिवशी ‘पोट दुखते’ म्हणून घरी राहणाऱ्या मुलाची अडचण बहुधा पोटात नसते.

त्यानंतर मुलाशी बोलणे सुरू होते. ‘तू अभ्यास का करत नाहीस?’ या प्रश्नाला कोणतेही मूल खरे उत्तर देत नाही, कारण त्या प्रश्नातच आरोप असतो. त्याऐवजी समुपदेशक विचारतात, ‘शून्य ते दहा या पट्टीवर गणिताबाबत तू आज कुठे आहेस?’ मुलगा ‘तीन’ म्हणाला, तर पुढचा प्रश्न असतो, ‘शून्य का नाही? तीनपर्यंत कशामुळे आलास?’ आपल्याला काहीतरी येते हे मुलाला अशा वेळी स्वतःच्याच तोंडून ऐकायला मिळते, आणि मग तीनावरून चारावर जाण्यासाठी या आठवड्यात काय करता येईल, हे दोघे मिळून ठरवतात.

अभ्यासाच्या पद्धतीकडेही त्यांचे लक्ष असते. धडा पुन्हा पुन्हा वाचला की तो ओळखीचा वाटू लागतो आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारणे आणि तीच उजळणी काही दिवसांच्या अंतराने करणे अधिक उपयोगी ठरते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी विस्मरणावरचे आपले प्रयोग 1885 मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे वारंवार दिसून आले आहे. झोपेची चौकशीही होते, कारण 13 ते 18 वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते आणि ती कापून केलेला अभ्यास फारसा टिकत नाही. या सगळ्यातून मुलाचा पायाच कच्चा आहे असे दिसले, तर समुपदेशक स्वतःच शिकवणी सुचवतील. कारण न शोधता आधी शिकवणी लावली, तर मात्र मुलाच्या थकव्यात भर पडण्याचा धोका असतो.

प्रश्न : माझी मुलगी गेले दोन महिने समुपदेशकांना भेटते. त्यांच्यात काय बोलणे होते असे विचारले, तर ‘ते आमच्या दोघींत राहू द्या’ असे उत्तर मिळाले. बापाला एवढाही अधिकार नाही का? — एक पालक

उत्तर : तुम्हाला वाईट वाटले, यात काही गैर नाही. आपल्या मुलीच्या मनातले दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, हे सोसणे कठीणच असते. तरीही आपण बोललो ते घरी पोहोचणार हे कळले, तर पंधरा वर्षांची मुलगी खऱ्या अडचणीबद्दल अवाक्षरही काढणार नाही. मग त्या भेटींना अर्थ उरणार नाही.

मात्र ही गुप्तता अमर्याद नसते. मुलीच्या स्वतःच्या जिवाला धोका असेल, तिच्याकडून दुसऱ्या कोणाला धोका असेल किंवा कोणी तिचा छळ अथवा शोषण करत असेल, तर समुपदेशक गप्प राहू शकत नाहीत, आणि ही मर्यादा त्यांनी पहिल्याच भेटीत मुलीला स्पष्ट सांगायची असते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये टॅरासॉफ खटल्यात असे ठरवले, की रुग्णापासून एखाद्या व्यक्तीला गंभीर धोका असेल तर तिच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलण्याचे कर्तव्य उपचारकावर येते. गुप्ततेच्या सीमेविषयीच्या चर्चेत त्या निकालाचा दाखला आजही दिला जातो. पालकांना कायद्याने किती माहिती मिळावी हे देशागणिक बदलते, म्हणून शाळेचे लेखी धोरण जरूर मागून घ्या.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगते. पालकांना काहीच न सांगणे हीसुद्धा चूकच आहे. मुलीच्या संमतीने, तपशील उघड न करता, दिशा सांगता येते आणि ती सांगितली पाहिजे. म्हणून पुढच्या वेळी ‘ती काय म्हणाली?’ असे न विचारता, ‘मी घरी काय बदलू?’ असे विचारून पाहा. या प्रश्नाला तुम्हाला उत्तर मिळेल, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : शाळेतल्या कल चाचणीत मला कला आणि लोकांशी संबंधित कामे आवडतात, असे आले. मला मात्र जीवशास्त्र घ्यायचे आहे. समुपदेशक सांगतील तेच करावे का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही, आणि चांगले समुपदेशक तुला तसे सांगणारही नाहीत. कल चाचणी आवड मोजते, क्षमता मोजत नाही. त्यासाठी अभियोग्यता चाचणी वेगळी असते. आवडीच्या अनेक चाचण्या मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी आवडीनिवडींच्या केलेल्या सहा प्रकारांवर आधारलेल्या आहेत. बहुतेक माणसांमध्ये त्यांतल्या दोन-तीन प्रकारांचे मिश्रण असते, त्यामुळे तुझ्या उत्तराने जीवशास्त्राचे दार बंद होत नाही. शरीरशास्त्रीय चित्रे काढणाऱ्यांना कला आणि जीवशास्त्र दोन्ही लागते. रुग्णांशी रोज बोलणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञांना (फिजिओथेरपिस्टना) जीवशास्त्राइतकीच माणसांची ओढ लागते.

फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बोस्टन येथे व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्यालय सुरू केले. स्वतःला ओळखा, कामाची खरी माहिती मिळवा आणि मग या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला, ही त्यांची पद्धत होती. चाचणी पहिल्या पायरीवर थोडी मदत करते. दुसऱ्या पायरीसाठी समुपदेशकांना विचार, की जीवशास्त्राशी निगडित काम करणाऱ्या कोणाशी बोलता येईल का, आणि त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी कोणते विषय सक्तीचे आहेत. एखादा विषय आज सोडला तर पुढे कोणत्या वाटा बंद होतील, ही माहिती त्यांच्याकडून आवर्जून घे; उशिरा कळली तर तिचा उपयोग होत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत हजारावर विद्यार्थ्यांमागे एकच समुपदेशक आहेत आणि त्यांनाही बदली तास व परीक्षांची कामे दिली जातात. त्यांच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी? — एक शिक्षक

उत्तर : तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मी मनापासून आभारी आहे. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना 250 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, आणि त्याच्या कामाचा किमान 80 टक्के वेळ विद्यार्थ्यांच्या सेवेत जावा, अशी शिफारस करते. हजार मुलांना एकेकटे भेटणे कोणालाच शक्य नाही. म्हणून ताणतणाव आणि अभ्यासपद्धती यांवर संपूर्ण वर्गासाठी तास, सारख्या अडचणींच्या मुलांचे लहान गट आणि अगदी गरजेच्या मुलांसाठी स्वतंत्र भेटी, अशी विभागणी करावी लागते. तुम्ही दोन गोष्टी करू शकता : बदली तासांविरुद्ध मुख्याध्यापकांकडे शिक्षकांच्या वतीने बोला, आणि एखाद्या मुलाला समुपदेशकांकडे पाठवताना ‘लक्ष नसते’ एवढेच न लिहिता कधीपासून, कोणत्या तासाला, काय दिसले, हे लिहून द्या.

प्रश्न : माझी मैत्रीण म्हणते, की तिला जगावेसे वाटत नाही. कोणाला सांगणार नाही, अशी शपथ तिने मला घातली आहे. समुपदेशकांना सांगितले तर मी तिचा विश्वासघात करेन का? — दहावीतला विद्यार्थी

उत्तर : ही शपथ मोड, आणि आजच मोड. तिने तुला सांगितले ते तिला मदत हवी आहे म्हणून, आणि हे ओझे तू एकट्याने वाहायचे नाहीस. तिला म्हण, ‘मला तुझी काळजी वाटते, आपण दोघे मिळून जाऊ.’ ती नको म्हणाली, तर तू एकटा जा.

समुपदेशक तिला आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारतील. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत खरी नाही. उलट, कोणीतरी विचारले म्हणून अनेकांना सुटल्यासारखे वाटते. धोका किती जवळचा आहे हे ते पाहतील, इजा करू शकतील अशा वस्तू तिच्या हाताशी राहणार नाहीत याची व्यवस्था करतील, पालकांना बोलावतील आणि पुढील उपचारांची सोय लावतील. ती काही दिवस तुझ्यावर रागावेल, तो राग सोसण्यासारखा आहे.

समुपदेशक शाळेत नसतील, तर वर्गशिक्षक, तुझे आईवडील किंवा तिचे आईवडील यांपैकी जो मोठा माणूस आधी भेटेल त्याला सांग, आणि तो येईपर्यंत तिला एकटी सोडू नकोस. शाळा सुटली असली, तरी उद्याची वाट पाहू नकोस, फोन कर.