एकोणपन्नास आणि रोमन आकडे

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे: "पाचवीतल्या मुलीनं एकोणपन्नास रोमन आकड्यांत आय-एल असं लिहिलं. एल म्हणजे पन्नास, त्याच्या डावीकडं आय, म्हणजे एक कमी. बाईंनी ते खोडून एक्स-एल-आय-एक्स लिहून दिलं. मुलगी म्हणते, आपण बोलतो तसंच तर लिहिलं! तिचं चुकलं कुठं?"

ताई, बाईंचं उत्तर बरोबर आहे. पण मुलीनं 'एकोणपन्नास' हा शब्द कान देऊन ऐकला, याचं मला फार कौतुक वाटतं. एकोण म्हणजे एक अधिक ऊन, आणि ऊन म्हणजे कमी. उणे, उणीव, पाऊण हे शब्द त्याच घरातले. पाऊण म्हणजे पाद ऊन, एक चतुर्थांश कमी. संस्कृतातल्या एकोनविंशतीचं आपण एकोणीस केलं.

गंमत अशी, की लॅटिनमध्येही 19 ला 'उन्देविगिंती' म्हणत, म्हणजे विसातून एक कमी. 18 ला 'दुओदेविगिंती', विसातून दोन कमी. रोमन माणूस बोलायचा आपल्यासारखा, पण 19 लिहिताना बऱ्याचदा एक्स-आय-एक्स लिहायचा: दहा आणि नऊ. हे तर आपल्या शेजाऱ्यांचं बोलणं झालं! तेलुगूत 19 म्हणजे 'पंतोम्मिदि', कन्नडमध्ये 'हत्तोंबत्तु'. दोन्हींत आधी दहा, मग नऊ. सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत तासभर उभं राहिलं तर मोजणीच्या या दोन्ही तऱ्हा कानावर पडतात.

रोमन लिखाणात दशक वेगळा लिहायचा, एकक वेगळा. 49 चे 40 आणि 9 असे भाग करा. 40 म्हणजे एक्स-एल, 9 म्हणजे आय-एक्स. वजाबाकीलाही मर्यादा आहे: आय फक्त व्ही (5) आणि एक्स (10) यांच्या आधी, एक्स फक्त एल (50) आणि सी (100) यांच्या आधी, सी फक्त डी (500) आणि एम (1000) यांच्या आधी. आयची उडी एलपर्यंत पोचत नाही.

उलटं वाचायचं असेल तर मी उजवीकडून वाचतो. आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली ते साल घ्या: एम-सी-एम-एक्स-एक्स-एक्स-आय. आयचा 1, तीन एक्सचे 30, झाले 31. मग एम, 1031. आता सी आला, तो उजवीकडच्या एमपेक्षा लहान, म्हणून 100 वजा: 931. शेवटचा एम मिळवला की 1931. उजवीकडच्या अक्षरापेक्षा लहान असेल तर वजा, नाहीतर अधिक. मुलीला एवढं एकच सूत्र द्या.

मात्र आज शाळेत शिकवतात तितका काटेकोरपणा खुद्द रोमनांनी पाळला नव्हता, हेही तिला जरूर सांगा. रोमच्या कलोसियमच्या 44 क्रमांकाच्या दारावर एक्स-एल आणि पुढं चार वेळा आय कोरलेला आहे. घड्याळाच्या तबकडीवर चारच्या जागी अजूनही बऱ्याचदा चार आय दिसतात. आणि मला सर्वांत आवडतो तो इ. स. 9 च्या लढाईत मारल्या गेलेल्या मार्कुस केलियुस या सैनिकी अधिकाऱ्याच्या स्मृतीचा दगड. जर्मनीत बॉनच्या संग्रहालयात तो आहे. त्याची पलटण अठरावी, आणि दगडावर तो आकडा एक्स-आय-आय-एक्स असा आहे. विसातून दोन कमी, अगदी दुओदेविगिंती! पाथरवटानं बोली जशीच्या तशी दगडात उतरवली. तुमच्या मुलीनं वहीत केलं ते हेच.

शेवटी तिला 99 विचारा. एकोणनव्वदपर्यंत एकोण म्हणत आलेली मराठी इथं एकोणशंभर म्हणत नाही. नव्व्याण्णव म्हणजे संस्कृतातलं नवनवति, नऊ आणि नव्वद. रोमन लिखाणातही एक्स-सी-आय-एक्स, नव्वद आणि नऊ.