तंत्रप्रश्न : पिंग मध्येच चारशेवर का जातो?

प्रश्न : आमच्याकडे १०० एमबीपीएस डाउनलोड व २० एमबीपीएस अपलोडचे फायबर कनेक्शन असून, एका जुन्या संगणकावर पीएफसेन्स हे फायरवॉलचे सॉफ्टवेअर बसवून त्याचाच फायरवॉल राउटर केला आहे. एरवी पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, ६ ते ८ मिलिसेकंद असतो. संध्याकाळी मात्र तो मध्येच ४००वर जातो, व्हिडिओ कॉल अडखळतो आणि काही मिनिटांनी सारे पूर्ववत होते. स्पीड टेस्टमध्ये वेग पूर्ण दिसतो. इंटरनेट कंपनी मोठा प्लॅन सुचवते. तो घ्यावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : तूर्त घेऊ नये. वेग पूर्ण मिळत असताना विलंब वाढतो, तेव्हा बहुधा कुठेतरी पॅकेट्सची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, रांग साचत असते, आणि ती कुठे साचते हे आधी शोधावे. त्यासाठी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून तीन ठिकाणी एकाच वेळी पिंग चालू ठेवावा : राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावर, ट्रेसरूटमध्ये (डेटाच्या वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या आदेशात) त्यानंतर दिसणाऱ्या कंपनीच्या पहिल्या टप्प्यावर आणि १.१.१.१ या इंटरनेटवरच्या सार्वजनिक पत्त्यावर. केबलवर त्रास थांबला, तर दोष वायफायचा. राउटरचाच पिंग उसळला, तर दोष राउटरच्या आत. दुसरा आणि तिसरा एकदम चढले, तर अडचण कंपनीकडे जाणाऱ्या लाइनवर आहे. एकटा दुसराच चढला, तर दुर्लक्ष करावे. कंपन्यांची उपकरणे पिंगला उत्तर देण्याचे काम पुष्कळदा मागे ठेवतात.

आपल्या वर्णनावरून माझा संशय अपलोडवर आहे. संध्याकाळी घरातले फोन वायफायवर आले की फोटोंचा बॅकअप सुरू होतो आणि २० एमबीपीएसची वाट भरून जाते. भिंतीवरच्या ओएनटीमध्ये (कंपनीची फायबर जिथे येऊन संपते त्या डबीत) १ मेगाबाइटचा बफर, म्हणजे पाठवायचा डेटा थांबवून ठेवण्याची जागा, असेल, तर तो भरल्यावर रिकामा व्हायला ०.४ सेकंद, म्हणजे तुमचेच ४०० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ कॉलमधला आवाज फोटोंच्या मागे ताटकळतो. स्पीड टेस्टच्या सुरुवातीला दिसणारा पिंग लाइन रिकामी असतानाचा असल्याने त्यात हे दिसत नाही. या दोषाला 'बफरब्लोट' हे नाव जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास दिले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली, रांग लांबू न देणारी 'कोडेल' पद्धत आणि तिच्यावर उभी राहिलेली 'एफक्यू-कोडेल' हा त्यावरचा उपाय, आणि तो पीएफसेन्समध्ये आधीपासूनच आहे.

पीएफसेन्समधल्या ट्रॅफिक शेपरच्या लिमिटर्समध्ये (वेगाला मर्यादा घालणाऱ्या सोयीत) दोन्ही दिशांसाठी वेगवेगळे लिमिटर करून शेड्यूलर, म्हणजे रांगेतले पुढचे पॅकेट ठरवणारा भाग, एफक्यू-कोडेल निवडावा, आणि बाहेर जाणाऱ्या वाहतुकीला ते फायरवॉलच्या नियमातून लावावेत. मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या थोडी खाली, अपलोडसाठी १८ एमबीपीएसच्या आसपास ठेवावी. हा थोडका वेग सोडताना जिवावर येते खरे, पण त्याशिवाय रांग ओएनटीतून निघून तुमच्या ताब्यातल्या राउटरवर येत नाही.

लाइन रिकामी असतानाही ठरावीक अंतराने राउटरचाच पिंग उसळत असेल, तर त्या वेळी प्रोसेसरवर कोणते काम चालते ते पाहावे. जाहिराती रोखणाऱ्या अवाढव्य याद्या पुन्हा भरणे हे त्याचे एक नेहमीचे कारण. पीएफसेन्सच्या मार्च २०२०च्या २.४.५ आवृत्तीत अशा याद्यांच्या मोठ्या तक्त्यांमुळे असा दोष उद्भवत होता आणि तो जूनमधल्या २.४.५-पी१ मध्ये दूर झाला, म्हणून आवृत्तीही तपासावी.

लिमिटर लावल्यावर मुद्दाम एखादी मोठी फाइल अपलोड करत तिन्ही पिंग पुन्हा मोजावेत. उसळी उरली, तर अपलोडची मर्यादा एकेक एमबीपीएसने उतरवत न्यावी. लाइन रिकामी असून राउटरचा पिंग स्थिर आणि बाहेरचे दोन्ही चढते राहिले, तर मात्र त्या नोंदी वेळेसह कंपनीकडे पाठवाव्यात.