शेतातल्या डिझेल इंजिनात करडईचे तेल वापरता येईल का?

आपला प्रश्न असा आहे : मोहोळ तालुक्यातील विहिरीवर पाच अश्वशक्तीचे जुने डिझेल इंजिन आहे, घरची करडई पिकते, गावातच घाणा आहे, तर डिझेलऐवजी करडईचे तेल थेट टाकीत ओतले तर चालेल का, आणि तेच तेल घरच्या नव्या पिकअपला चालेल का? इंजिन चालू होईल, त्याच दिवशी पाणीही उपसेल. परंतु तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये. सोलापुरात डिझेल इंजिनांचे इंधन पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये इंधन फवारणारी तोटी) दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि तेलावर ‘झकास चालणारी’ इंजिने तीन-चार महिन्यांनी माझ्या टेबलावर आलेली मी पाहिली आहेत.

कल्पना नवी नाही. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन मुळात शेंगतेलासाठीच बनवले, असे जे सांगितले जाते ते मात्र खरे नाही. त्या प्रयोगामागे आफ्रिकेतील वसाहतींना तिथल्याच पिकावर इंधन मिळावे, असा फ्रेंच सरकारचा विचार होता.

अडचणीचे मूळ तेलाच्या दाटपणात आहे. 40 अंश तापमानाला डिझेलचा दाटपणा साधारण 2 ते 4.5 सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) असतो, तर खाद्यतेलांचा 30 ते 40. म्हणजे जवळजवळ दहापट. नोझलची भोके डिझेलच्या हिशेबाने पाडलेली असल्यामुळे दाट तेलाचे धुके होत नाही, जाड थेंबांची धार पडते. हे थेंब पुरते जळण्याआधीच पिस्टनच्या माथ्यावर आणि सिलिंडरच्या भिंतीवर आदळतात, नोझलच्या टोकाला कार्बन धरतो, त्यामुळे फवारा आणखी बिघडतो आणि कार्बन आणखी वाढतो. शेवटी रिंगा खोबणीत चिकटून बसतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेल थोडे पातळ होते हे खरे, पण मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हानेही ते डिझेलइतके पातळ होत नाही.

दुसरी गोष्ट करडईसाठी विशेष महत्त्वाची आहे. काही तेले हवा आणि उष्णता लागली की सुकून त्यांची चिवट साय बनते. जवसाचे तेल याच गुणामुळे रंगात वापरतात. हा कल तेलाच्या आयोडीन मूल्यावरून समजतो: आकडा जितका मोठा, तितके तेल लवकर सुकते. शेंगतेलाचे ते साधारण 85 ते 105, करडईचे 140 च्या आसपास, जवसाचे 170 च्या वर. म्हणजे आपल्या भागात मुबलक पिकणारी करडई नेमकी या कामाला गैरसोयीची आहे, आणि त्यातल्या त्यात बरे असलेले शेंगतेल जाळण्यापेक्षा चटणीवर घेतलेले चांगले! मी स्वतः एका हंगामात विहिरीवरच्या इंजिनात निम्मे डिझेल आणि निम्मे करडईचे तेल वापरले होते. जळायचे राहिलेले तेल रिंगांमधून खाली उतरून इंजिन ऑईलमध्ये मिसळले. डिझेल असते तर त्यातले बरेचसे उडून गेले असते, हे तेल तिथेच राहिले. हंगामाअखेर ऑईलची पट्टी बाहेर काढली, तर तिला काकवीसारखा दाट थर लागला होता.

नव्या पिकअपच्या टाकीत हे तेल अजिबात घालू नये. नव्या डिझेल गाड्यांत एकाच नळीतून सगळ्या नोझलना जास्त दाबाने इंधन देणारी ‘कॉमन रेल’ पद्धत असते. तिच्या पंपाचा दाब हजार बारच्या वर जातो, भोके अतिशय बारीक असतात, आणि बीएस-6 गाड्यांतील धूर गाळणारा फिल्टर साफ करण्यासाठी पुष्कळ गाड्यांत जादा इंधन सिलिंडरमध्येच सोडले जाते. ते तेल असेल तर इंजिन ऑईलमध्ये उतरायला वेळ लागणार नाही.

मेथेनॉल (एक प्रकारचे अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोडा यांची प्रक्रिया करून तेलातले ग्लिसरीन वेगळे काढले, की दाटपणा 4-5 सेंटिस्टोकवर येतो. यालाच बायोडिझेल म्हणतात. मात्र मेथेनॉल विषारी आहे, लवकर पेट घेते, आणि तेलात आम्ल जास्त असेल तर बायोडिझेलऐवजी साबणच हाती लागतो. भज्यांच्या कढईतल्या जळक्या तेलाचे असेच होते. हे काम घराच्या पडवीत करण्याचे नाही.

हिशेबही पाहावा. घाण्याचे करडईचे तेल डिझेलपेक्षा पुष्कळ महाग विकले जाते, शिवाय एका लिटरमागे त्यात ऊर्जा थोडी कमीच असते. तेल विकून डिझेल आणणे सरळ परवडते. बांधावर करंजाची झाडे असतील तर त्याचे अखाद्य तेल प्रयोगाला घ्यावे. तेही दाटच असते, पण करडईइतके सुकत नाही.

प्रयोग करायचाच असेल, तर तेल महिनाभर निवळू देऊन बारीक गाळावे, डिझेलमध्ये पाचव्या हिश्शापेक्षा जास्त मिसळू नये, इंजिन चालू आणि बंद करताना निव्वळ डिझेलच वापरावे, आणि इंजिन ऑईल नेहमीच्या निम्म्या तासांत बदलावे. दर शंभर तासांनी नोझल काढून मेकॅनिककडून चाचणी यंत्रावर फवारा पाहून घ्यावा. धुक्याऐवजी धार दिसू लागली, तर त्याच दिवशी तेल थांबवावे.