मांटा म्हणजे चादर की मासा?

प्रश्न : नमस्कार, मुलासोबत टीव्हीवर समुद्रातल्या प्राण्यांचा कार्यक्रम बघत होतो, खाली मराठी पट्टीवर 'मांटा किरण' असं आलं. मासा तर आमच्याकडच्या पाकटासारखाच दिसत होता, मग किरण कुठून आला? स्पॅनिश शिकणारी भाची म्हणते मांटा म्हणजे चादर. खरं काय?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भाचीचं बरोबर आहे आणि तुमचंही, चुकलाय तो पट्टी लिहिणारा. इंग्रजीत या माशाला 'मांटा रे' म्हणतात, आणि तिथे 'रे' हे दोन वेगळे शब्द आहेत, उजेडाचा रे लॅटिन 'रेडियस'वरून आलेला आणि माशाचा 'राया'वरून, आणि राया म्हणजे हाच चपटा मासा, म्हणजे आपलं पाकट. किरणाचा काही संबंध नाही.

आता मांटा. स्पॅनिशमध्ये मूळ अर्थ पांघरूण, जाड चादर, आपलं कांबळं म्हणा ना. पण हा शब्द जिथे गेला तिथे वेगळा झाला. चिलीत घोडेस्वार मधल्या भोकातून डोकं घालून अंगावर घेतात तो झगा म्हणजे मांटा, मेक्सिकोत साधं जाडंभरडं सुती कापड म्हणजे मांटा, अगदी आपला मांजरपाट, आणि त्याच कापडावर घोषणा रंगवून मोर्चात धरला की तो फलकही मांटाच! स्पेनमध्ये फुटपाथवर चादर पसरून पर्स, गॉगल विकणाऱ्यांना 'मांतेरो' म्हणतात. त्यांच्या चादरीच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या असतात, पोलीस दिसले की दोऱ्या खेचायच्या, सगळा माल गाठोड्यात आणि गाठोडं पाठीवर. मला या सगळ्यात हाच अर्थ सगळ्यात आवडतो. स्त्रिया डोक्यावर घेतात ती लेसची 'मांतिया' पण याच घरातली.

माशाला हे नाव मिळालं ते आकारामुळे, पण त्यात भीतीही होती. पॅसिफिक किनाऱ्यावर मोती काढायला बुडी मारणाऱ्यांना वाटायचं की हा मासा वरून येतो आणि चादरीसारखा गुंडाळून माणसाला मारतो. बिचाऱ्यावर उगाच आळ! मोठा मांटा ७ मीटरपर्यंत रुंद होतो हे खरं, पण खातो काय तर पाण्यातले बारीक जीव, तोंड उघडं ठेवून पोहत गाळून घेतो, आणि पाकटाच्या शेपटीला असतो तसा डंख मारणारा काटा याला नसतोच. उलट माणूसच त्याच्या जिवावर उठलाय, कल्ल्यांतल्या गाळण्या औषधी म्हणून विकल्या जातात आणि मादी एका वेळी बहुतेक एकच पिल्लू देते, मग संख्या भरून कशी निघणार? म्हणून २०१३ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणायचं ठरलं.

मुलाला सांगताना सरळ 'मांटा पाकट' म्हणा. भाचीला विचाराल तर ती 'मांता' म्हणेल, ताटातला त, स्पॅनिशमध्ये उच्चार तसाच आहे.